अल्पमुक्कामातील बंगळूर

समुद्रकाठच्या बंदरात उतरलेल्या प्रवाशास शहर कोठून पाहावे, असा प्रश्न सहसा पडत नाही. धक्का, किल्ला आणि बाजार तेथे एकमेकांच्या शेजारी असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरास ना बंदर आहे, ना मोठी नदी. शिवाय कामानिमित्त येणाऱ्या पुष्कळांचा मुक्काम शहराच्या दक्षिण टोकास, होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटीत असतो. १९७८ मध्ये कर्नाटक राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर ही वसाहत उभारली. काचेच्या इमारतींपलीकडे काहीही न पाहता परत गेलेला प्रवासी 'बंगळुरात पाहण्यासारखे काही नाही' असे म्हणतो, यात नवल नाही.

वास्तविक एक दिवस हाताशी असला तरी पुरे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोचा पिवळा मार्ग सुरू झाल्यापासून इलेक्ट्रॉनिक सिटीहून आर. व्ही. रोड स्थानकापर्यंत थेट जाता येते. तेथे हिरव्या मार्गाची गाडी धरली की जुने शहर एका रेषेत लागते.

प्रथम लालबाग पाहावी. हैदर अलीने इ. स. १७६० च्या सुमारास या उद्यानाचा आरंभ केला. येथील काचघर १८८९ मधील; परंतु बागेतील खडक त्याहून कितीतरी प्राचीन, सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

पुढचा टप्पा कृष्णराजेंद्र मार्केट. तेथून जवळच किल्ल्याचा उरलेला भाग आहे. केंपेगौडाने १५३७ मध्ये येथे मातीचा कोट बांधला. हैदराने १७६१ मध्ये दगडी तटबंदी उभारली. २१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने तटास खिंडार पाडून किल्ला घेतला. आता दिल्ली दरवाजा आणि थोडी भिंत एवढेच शिल्लक आहे. त्याच वर्षी पूर्ण झालेला टिपूचा सागवानी खांबांचा महाल शेजारीच आहे.

मराठी वाचकास मात्र या दोन राजवटींमधील काळ अधिक जवळचा वाटेल. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. त्यांच्यामागे पुत्र एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी येथील कारभार पाहिला. पुढे तंजावरचे मराठी राज्य त्यांनीच स्थापिले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले व नंतर ते ३ लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. शहाजीराजांचा वाडा आज उरलेला नाही. मग त्या अर्धशतकाची खूण शोधावी कोठे?

त्यासाठी संपिगे रोड स्थानकावर उतरून मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराकडे जावे. 'काडु' म्हणजे रान. येथील खडकावर १६६९ चा शिलालेख आहे. मल्लपुराच्या मल्लिकार्जुनास एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद त्यात आहे. मल्लेश्वरम ही वस्ती १८९८ च्या प्लेगनंतरची. म्हणजे हा लेख तिच्याहून दोनशेहून अधिक वर्षांनी जुना. दक्षिणेतील बहुतेक देवळे दुपारी बंद असतात. म्हणून हे स्थळ सायंकाळसाठी ठेवावे.

वाडे पडतात, तट पाडले जातात, जहागिरी विकल्या जातात. देवास दिलेल्या एका गावाची नोंद मात्र खडकावर राहिली. परतीच्या गाडीत बसताना एवढे ठाऊक असले, तरी हे शहर परके वाटणार नाही.