तक्रारीची किंमत कोणी मोजावी?

ओडिशातील बालेश्वर येथील एका महाविद्यालयाच्या आवारात जुलै २०२५ मध्ये एका विद्यार्थिनीने स्वतःला पेटवून घेतले आणि दोन दिवसांनी भुवनेश्वरच्या रुग्णालयात तिचा अंत झाला. विभागप्रमुखाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार तिने आधीच केली होती. समिती होती, चौकशीही झाली होती. समिती असणे आणि पीडितेला आधार मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीस काय गमवावे लागते, याचा हिशेब महाविद्यालये क्वचितच मांडतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच पुष्कळदा जर्नलवर सही करणारा आणि अंतर्गत गुण देणारा असतो. त्याच्या तासाला बसवत नाही म्हणून ती गैरहजर राहते, हजेरी कमी भरते, टर्म अडते. वसतिगृहात कुजबुज सुरू होते. ती घरी पोहोचली तर शिक्षणच बंद होईल, ही धास्ती तर पहिल्या दिवसापासूनची. आणि रोज एस.टी.ने तालुक्याच्या गावी येणाऱ्या मुलीच्या बाबतीत ती अनाठायी म्हणता येत नाही. या साऱ्याच्या मानाने गप्प बसणे स्वस्त पडते. मुली बोलत नाहीत याचे कारण त्यांच्या भित्रेपणात न शोधता या हिशेबात शोधावे.

वस्तुतः विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी हा भार उचलण्याची तरतूद केली आहे. तक्रारदाराची ओळख गुप्त राखणे, तिला रजा वा हजेरीच्या अटीत सवलत देणे, विभाग किंवा मार्गदर्शक बदलून देणे, पोलिसांत जावयाचे असल्यास साहाय्य करणे, ही समितीची कर्तव्ये आहेत. आरोप असलेल्या व्यक्तीस तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येते. परंतु समितीच्या सदस्यांची नावे फलकावर लावली की विनियमांचे पालन झाले, अशी समजूत रूढ आहे. (फलकही कित्येकदा जिन्याखालच्या अंधारात असतो.)

'इतके दिवस का थांबली?' हा प्रश्न तर हमखास विचारला जातो. तक्रारीस तीन महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवून मिळतात. विलंब ही शक्यता नियम करणाऱ्यांनीच गृहीत धरली आहे. विलंबावरून खोटेपणाचा तर्क काढणाऱ्या प्राध्यापकांनी १९७९ सालाचे स्मरण ठेवावे. देसाईगंज पोलीस ठाण्यातील बलात्कार प्रकरणी मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा न्यायालयास खुले पत्र लिहिणारे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार हे चौघेही कायद्याचे अध्यापकच होते. मुकाट्याने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. १९८३ मध्ये कायदा बदलला, त्यामागील चळवळीची ठिणगी हे पत्र ठरले.

त्यामानाने आज महाविद्यालयाकडून अपेक्षा लहान आहे. हजेरीत सवलत मागणारा अर्ज घेऊन मुलगी कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहते आणि मागे रांग असताना लिपिक विचारतो, 'कारण काय?' गोपनीयता तेथेच संपते. समितीच्या अध्यक्षांनी तो अर्ज थेट प्राचार्यांकडे न्यावा व कार्यालयास 'सवलत मंजूर' एवढेच कळवावे. यासाठी नव्या कायद्याची वा जादा अनुदानाची आवश्यकता नाही.