समुद्रालाही हवा राजाराम बंधारा

पावसाळ्यात कोल्हापूरचे लक्ष एका आकड्याकडे लागलेले असते : राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आहे? 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये हा आकडा 55 च्या पुढे गेला. शहर या आकड्यावर विसंबते, कारण मोजणीची जागा ठरलेली आहे, पुराच्या दिवसांत ती वारंवार होते आणि जुन्या पुरांच्या नोंदी तिच्याशेजारी ठेवून पाहता येतात. ज्या समुद्रावरून हा पाऊस सह्याद्रीवर येतो, त्या समुद्राच्या प्रवाहांची अशी मोजणी मात्र अजून तोकडी आहे. ती उभी करताना कुठे मोजायचे, किती वेळा मोजायचे आणि किती वर्षे मोजायचे, हे तीन निर्णय उपकरणांच्या संख्येपेक्षा मोलाचे ठरतात. त्यातला तिसरा सर्वांत अवघड.

अटलांटिक महासागराने याचा धडा दिला आहे. तेथे उष्ण पाणी वरच्या थरातून उत्तरेला जाते, थंड होऊन बुडते आणि खोलवरून दक्षिणेला परतते. 1957 ते 2004 या काळात जहाजांनी पाच वेळा केलेल्या मोजणीवरून हे अभिसरण सुमारे तीस टक्क्यांनी मंदावल्याचा निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर 26.5 अंश उत्तर अक्षांशावर ‘रॅपिड’ ही नांगरलेल्या उपकरणांची रांग 2004 पासून काम करू लागली होती. पहिल्याच वर्षात हा प्रवाह सेकंदाला 40 लाख घनमीटर ते साडेतीन कोटी घनमीटर इतका खालीवर झाल्याचे तिने दाखवले. एका वर्षातले चढउतारच एवढे असतील, तर पन्नास वर्षांतल्या पाच नोंदींवरून घसरण सिद्ध होत नाही. पंचगंगेची पातळी दहा वर्षांतून एकदा पाहून नदी आटली की वाढली, हे सांगण्यासारखेच ते आहे.

हा आराखडा हिंदी महासागरावर जसाच्या तसा बसवता येत नाही. उत्तरेला जमीन असल्यामुळे येथे मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाहांची दिशाच उलटते. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला वाहतो, हिवाळ्यात उत्तरेला. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराची वाट धरते. हिवाळ्यात त्याच उपसागरातले कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात शिरते. म्हणून दोन्ही किनारे एकत्रच मोजावे लागतात. गोव्यात दोनापावल येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1987 मध्ये पश्चिम किनाऱ्यावर जहाजातून पाहणी केली, तेव्हा पावसाळी प्रवाहाचे ढोबळ चित्र मिळाले. पुढे तिने किनारउतारावर ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारी उपकरणे नांगरली, तेव्हा हाच प्रवाह काही आठवड्यांतही दिशा बदलतो आणि खालच्या थरात उलटाही वाहतो, हे उघड झाले. खुल्या समुद्रासाठी ‘रामा’ या आंतरराष्ट्रीय योजनेत मुळात 46 बोये आखले होते. त्यांच्या जोडीला जगभर सुमारे चार हजार ‘आर्गो’ तरंगक आहेत. ते हजार मीटर खोलीवर वाहतात आणि दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान व क्षारता नोंदवत वर येतात. वाहते तरंगक विस्तार टिपतात, नांगरलेले बोये एका जागचा काळ टिपतात. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, असे विचारले जाते. उपग्रह समुद्राची उंची आणि पृष्ठभागाचे तापमान उत्तम मोजतात, पण पाण्याच्या आत खोलवर त्यांना दिसत नाही. उष्णतेचा साठा तर तिथेच असतो. संगणकीय प्रारूपांनाही प्रत्यक्ष नोंदींचा आधार नसेल, तर ती वास्तवापासून भरकटत जातात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : बोयांमुळे 2019 चा महापूर आधी कळला असता का? नाही. चार दिवसांची अतिवृष्टी वातावरणातल्या घडामोडींवर ठरते. समुद्र हंगामाचा कल सांगतो. धरणांतल्या पाण्याचे आणि पेरणीचे नियोजन त्या कलावरच करावे लागते. हाच पैसा घाटमाथ्यावरच्या पर्जन्यमापकांवर खर्च करावा, असेही म्हणतात. पर्जन्यमापक हवेतच. पण ते पडलेला पाऊस मोजतात. त्यामागचे कारण समुद्रातच शोधावे लागते.

खरा धोका उभारणीनंतर सुरू होतो. 1982-83 चा एल निनो वेळीच ओळखता आला नाही, त्यानंतर प्रशांत महासागरात सुमारे सत्तर बोयांचे जाळे 1994 पर्यंत पूर्ण झाले. त्यांची देखभाल करणारे अमेरिकी जहाज 2012 मध्ये खर्चकपातीत निवृत्त झाले आणि दोन वर्षांत जाळ्याकडून येणारी माहिती निम्म्याच्याही खाली आली. हिंदी महासागरात चाचेगिरीमुळे पश्चिमेकडचे बोये रखडले आणि पुढे ‘रामा’चा आराखडाच 33 बोयांवर आणावा लागला. बिघडलेले उपकरण बदलता येते, हुकलेल्या वर्षाची नोंद पुन्हा मिळत नाही. म्हणून नव्या बोयाला मंजुरी देताना त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा पैसा आणि जहाजाचे दिवस त्याच कागदावर मंजूर झाले पाहिजेत. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांनी ही मागणी आपली मानून लावून धरावी.