दुखत नाही, म्हणून सोडू नका

कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्यात या किंवा महामार्गाने लाखनीकडे निघा, पानठेला लागतोच. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन घोटला की खर्रा तयार. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र हातोहात चालूच राहिला. तो गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खोबणीत दाबून ठेवतात. आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग फार वेळा नेमका तिथेच सुरू होतो.

त्या हिरडीखाली, जबड्याच्या हाडातल्या बारीक बोगद्यातून संवेदनेची एक नस जाते. पुढे ती हनुवटीजवळ बाहेर पडून खालच्या ओठापर्यंत पोचते. मागे वर चढून कवटीच्या तळातल्या छिद्रातून मेंदूकडे जाते. भिंतीतल्या वायरच्या पाइपातून वाळवी सरकावी, तशा कर्करोगाच्या पेशी या नसेच्या आवरणातून पुढे जाऊ शकतात. तोंडातली जखम लहान दिसते आणि आजार आतून बराच पुढे गेलेला असतो.

याचं लक्षण पुष्कळदा वेदना नसतं. हनुवटी किंवा अर्धा ओठ बधिर होतो, मुंग्या येतात. पाणी ओठावरून ओघळलेलं कळत नाही. दातामुळे असेल म्हणून दात काढला जातो, ती जखम भरत नाही, आणि मोलाचे महिने निघून जातात.

बायोप्सीत बारीक नसांभोवती पेशी दिसणं वेगळं आणि मोठी नस बाधित होणं वेगळं. पेशी नसेच्या आवरणाच्या थरांत शिरल्या असतील, किंवा त्यांनी नसेचा निदान एक तृतीयांश घेर वेढला असेल, तर बायोप्सीत नस बाधित मानतात. मोठ्या नसेचा संशय असेल तर रंगद्रव्य देऊन एमआरआय करतात. नस जाड झाली आहे का, कवटीच्या छिद्रापर्यंत आजार गेला आहे का, हे त्यात पाहतात.

शस्त्रक्रियेत कर्करोगाची गाठ, तिच्याभोवतीचा निरोगी काठ, गरजेनुसार जबड्याचा भाग आणि मानेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठी काढतात. बाधित नस मागे मागे शोधत जातात. कापलेल्या टोकाचा तुकडा टेबलावरूनच पॅथॉलॉजिस्टकडे जातो. तो गोठवून, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी दिसल्या तर सर्जन नस आणखी वर कापतो. जबड्याच्या जागी पायाच्या नळीचं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट बसवता येतं. कापलेल्या नसेमुळे ओठ कायमचा बधिर राहू शकतो. हे पेशंटला आधीच समजावून सांगायला हवं. पुढे किरणोपचार लागतात, आणि ते शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत. आजार कवटीच्या आत पोचला असेल तर शस्त्रक्रियेचा उपयोग बहुधा उरत नाही. नसेचे ते काही सेंटिमीटर म्हणूनच जीवनमरणाचे ठरतात.

थांबण्याचा तोटा फक्त नसेपुरता नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसल्यावर काढायची म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. वाट पाहण्याची किंमत मोठी असते, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

तेव्हा दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटं उभी न मावणारं तोंड, कारणाशिवाय हलणारा दात आणि बधिर झालेली हनुवटी, यातलं एक जरी दिसलं तर भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय गाठा. पुढच्या उपचारासाठी नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था आहेत. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करा. आणि खर्रा आजच सोडा; दुखेपर्यंत थांबू नका.