जेपेग फोटोतून नेमकं काय जातं?

१२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. हिशोब केलात तर ३६ एमबी होतात. पण मोबाइलमधली फाइल असते तीन-चार एमबीची. मग बाकीचं गेलं कुठे? पुढे तुम्ही फोटोवरून काही मोजणार असाल, पेशींचा आकार म्हणा किंवा पानावरचे डाग, तर हे माहीत असायलाच हवं.

१९९२ मध्ये मानक झालेल्या जेपेगचं सूत्र साधं आहे: डोळ्याला जे फारसं जाणवत नाही, ते टाकायचं.

आधी रंग. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून उजेड आणि रंग वेगळे करतात आणि रंगाची माहिती बहुतेकदा चार ठिपक्यांना मिळून एकदाच ठेवतात. एवढ्यानेच आकडे निम्मे होतात.

मग प्रतिमेचे ८×८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. त्यातल्या ६४ आकड्यांचे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मने दुसरे ६४ आकडे होतात. पहिला आकडा चौकोनाची सरासरी सांगतो, पुढचे आधी संथ आणि मग जलद चढउतार. इथे नुसती मांडणी बदलते, माहिती जात नाही. हे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. अहमद मूळचे बंगळूरचे. या कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेत मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं होतं, हेही लक्षात असू द्या!

खरी काटछाट होते ती क्वांटायझेशनमध्ये. प्रत्येक आकड्याला तक्त्यातल्या संख्येने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात आणायचं. मानकातल्या नमुना तक्त्यात उजेडासाठी पहिला भाजक १६ आहे, शेवटचा ९९. समजा, शेवटच्या जागी ४० आहेत. ४० भागिले ९९ म्हणजे साधारण ०.४, म्हणजे शून्य. फोटो उघडताना त्याला पुन्हा ९९ ने गुणलं तरी शून्यच. ते ४० कायमचे गेले. शेवटी शून्यांच्या रांगा हफमन कोडिंगने आवळून ठेवतात, पण त्यात काही हरवत नाही.

आता अडचण बघा. हे सगळं माणसाच्या डोळ्यासाठी ठरवलंय, तुमच्या मोजमापासाठी नाही. ठळक कडांजवळ खोट्या लाटा उमटतात, चौकोनांच्या सीमा दिसू लागतात. तुमच्या आलेखात दर ८ पिक्सेलला काहीतरी घडताना दिसलं, तर शोध लागला म्हणून खूश होण्याआधी फाइलचा प्रकार तपासा.

म्हणून मूळ प्रतिमा कॅमेऱ्यातूनच रॉ किंवा टिफमध्ये घ्या, प्रक्रिया त्यावरच करा आणि सादरीकरणापुरती जेपेग प्रत काढा. जेपेगचं नंतर पीएनजी करून काही उपयोग नाही. फाइल मोठी होईल, गेलेलं परत येणार नाही.