खोट्या टपालाची ओळख

आपल्या देशातील टपाल खात्याची अखिल भारतीय व्यवस्था १८५४ साली सुरू झाली. तेव्हापासून पोस्टमन घरोघरी जात आला आहे. खेड्यापाड्यांतील निरक्षर माणसांना त्याने पत्रे वाचून दाखविली. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाची मनिऑर्डर त्याने कोकणातील म्हाताऱ्या आईच्या हाती मोजून दिली. म्हणूनच ‘टपाल आले’ हे शब्द कानी पडताच मनात शंका येत नाही. उलट उत्सुकता वाटते. अशा ह्या विश्वासाचा गैरफायदा घेणारे ठग आज निर्माण झाले आहेत. त्यांची रीत आपण समजून घेऊ.

हे ठग दाराशी येत नाहीत. ते मोबाइलवर लघुसंदेश किंवा ई-मेल धाडतात. २०२४ साली भारतीय टपाल खात्याच्या नावाने असेच संदेश पसरले होते. ‘आपले पार्सल गोदामात आले आहे. ते पोहोचविण्याचा आम्ही दोनदा प्रयत्न केला; परंतु पत्ता अपुरा आहे. ४८ तासांच्या आत पत्ता दुरुस्त करावा, अन्यथा पार्सल परत जाईल,’ असा त्यांचा आशय होता. खाली एक लिंक दिलेली असे. हे संदेश बनावट असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केले.

अशी लिंक उघडली की टपाल खात्याच्या संकेतस्थळासारखे हुबेहूब पान समोर येते. तेथे नाव, पत्ता विचारतात आणि शेवटी पंचवीस-तीस रुपये शुल्क मागतात. एवढ्याशा रकमेसाठी कोण विचार करीत बसणार? परंतु ठगाचे लक्ष त्या पंचवीस रुपयांवर नसतेच. ते भरण्यासाठी आपण बँकेच्या कार्डाचा क्रमांक आणि मागाहून आलेला ओटीपी लिहून देतो, तेव्हा जणू तिजोरीची किल्लीच त्याच्या हाती देतो. मग खात्यातील मोठी रक्कम नाहीशी होण्यास फारसा वेळ लागत नाही.

असा संदेश ओळखावा कसा? पहिली खूण म्हणजे घाई. विचार करण्यास सवड मिळाली तर माणूस फसत नाही, हे ठगाला पक्के ठाऊक असते. म्हणून तो मुदत घालतो व भीती दाखवितो. दुसरी खूण म्हणजे मोघमपणा. ‘प्रिय ग्राहक’ एवढेच लिहिलेले असते. पार्सल कोणी पाठविले, ह्याचा पत्ता नसतो. खऱ्या स्पीड पोस्टला तेरा चिन्हांचा क्रमांक असतो : आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी ‘आय’ व ‘एन’ ही अक्षरे. परंतु क्रमांक दिसला तरी तेवढ्यावर विसंबू नये. कारण तोही खोटा रचता येतो.

तिसरी खूण संकेतस्थळाच्या पत्त्यात सापडते. टपाल खात्याचा खरा पत्ता ‘इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन’ असा आहे. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट केवळ सरकारी संस्थांनाच मिळतो. ठग आपल्या पत्त्यात ‘इंडियापोस्ट’ हे शब्द घालतात, पण शेवट निराळाच असतो. एखाद्याने आपल्या झोपडीला ‘शनिवारवाडा’ असे नाव दिले, म्हणून ती काही पुण्यात जात नाही. गाव आणि जिल्हा वाचल्यावरच ती कोठे आहे ते कळते. संकेतस्थळाचे नावही असेच वाचावे. ‘डॉट कॉम’सारख्या शब्दांनंतर पहिली तिरपी रेघ येते, त्या रेघेच्या लगेच आधी काय लिहिले आहे, ते पाहावे. ई-मेल पाठविणाऱ्याचे जे नाव दिसते, त्यावरही भरवसा ठेवू नये. पाकिटाच्या मागे प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हेही आहे.

तथापि, सर्व खुणा पाठ करण्यापेक्षा एक साधा नियम पाळावा. आलेली लिंक उघडू नये. पार्सल खरोखरच येणार असेल, तर टपाल खात्याचा पत्ता स्वतः टाइप करून, पाठविणाऱ्याने दिलेल्या पावतीवरील क्रमांक तेथे तपासावा, किंवा जवळच्या पोस्टात जाऊन चौकशी करावी. ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगू नये.

एवढी काळजी घेऊनही कोणी फसलाच, तर क्षणाचाही विलंब न करता बँकेला कळवावे आणि १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार लवकर पोहोचली, तर पुढे जाणारे पैसे वाटेत अडविता येण्याचा संभव असतो. पुष्कळ माणसे लाजेने गप्प राहतात आणि नेमका हाच मोलाचा वेळ दवडतात. म्हणून फसलेल्या माणसाला हसू नये वा रागावू नये. त्याला धीर देऊन तक्रार करण्यास साहाय्य करावे.

मुलांनो, पूर्वी पोस्टमन जे काम करी, ते आज अनेक घरांत तुम्हीच करता. आजी-आजोबा मोबाइल तुमच्या हाती देऊन ‘काय लिहिले आहे, वाच रे बाळा,’ असे म्हणतात. त्यांची आयुष्यभराची पुंजी त्या वेळी तुमच्या सावधपणावर अवलंबून असते. तेव्हा संदेश नुसता वाचून दाखवू नका. तो कोणी धाडला, काय मागितले आणि एवढी घाई कशासाठी, हे तीन प्रश्न आधी विचारा.