अदृश्य मुकादम आणि कायदा

कामावरील माणसांची हजेरी घेणे, काम वाटून देणे आणि कुचराई करणाऱ्यास समज देणे ही कामे पूर्वी मुकादम करीत असे. तो कितीही कठोर असला, तरी त्याच्यासमोर उभे राहून कामगाराला विचारणा करता येई. आज शहरांतील प्रवासी वाहतूक व घरपोच मालवाटप या व्यवसायांत मुकादमाची जागा संगणकीय प्रणालीने घेतली आहे. मोबाईलवरील ॲपमधून काम मिळते, त्याचा मोबदला ठरतो, ग्राहकांनी दिलेल्या गुणांवरून प्रतवारी लागते आणि एखाद्या दिवशी कामगाराचे खातेही बंद होते. उपलब्ध माहितीची छाननी करून असे निर्णय देणाऱ्या नियमांच्या साखळीस ‘अल्गोरिदम’ म्हणतात. तिचे निकष कामगारास ठाऊक नसतात आणि दाद कोणाकडे मागावी, हेही त्याला कळत नाही.

नियमनाची आवश्यकता

यंत्र पक्षपात करीत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने ३१ डिसेंबर २०२० रोजी दिलेल्या निर्णयाने या समजास धक्का दिला. डिलिव्हरू या कंपनीची प्रणाली मालवाटप करणाऱ्यांची विश्वासार्हतेनुसार क्रमवारी लावीत असे. वरच्या क्रमांकावरील व्यक्तीस कामाच्या वेळा प्रथम निवडता येत. ऐनवेळी पाळी रद्द करणाऱ्याचा क्रमांक घसरे. मग कारण आजारपणाचे असो वा संपातील सहभागाचे. कारणाची दखलच न घेणारी ही पद्धत भेदभाव करणारी आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. सर्वांना सारखा नियम लावूनही अन्याय घडू शकतो, हे यावरून स्पष्ट झाले.

युरोपातील तरतुदी

स्पेनने २०२१ मध्ये कायदा करून अशा प्रणालींचे निकष कामगार प्रतिनिधींना कळविणे मालकांवर बंधनकारक केले. त्यापुढील पाऊल युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशाद्वारे टाकले. सदस्य राष्ट्रांनी २ डिसेंबर २०२६ पर्यंत त्यास अनुरूप कायदे करावयाचे आहेत. त्यातील प्रमुख तरतुदी अशा :

१. देखरेख व निर्णय करणाऱ्या प्रणालींची माहिती कामगारांना सोप्या भाषेत दिली पाहिजे.

२. कामगाराची मानसिक स्थिती, खाजगी संभाषणे अथवा काम करीत नसतानाची माहिती गोळा करण्यास मनाई आहे.

३. खाते बंद वा स्थगित करण्याचा निर्णय माणसानेच घ्यावयाचा असून त्याची कारणे लेखी द्यावयाची आहेत.

४. फेरविचाराच्या अर्जास दोन आठवड्यांत उत्तर मिळाले पाहिजे.

५. प्रणालीच्या परिणामांचे निदान दर दोन वर्षांनी मूल्यमापन व्हावे व त्यात कामगार प्रतिनिधींचा सहभाग असावा.

यंत्राच्या वापरास या निर्देशाची आडकाठी नाही. मात्र निर्णयाची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही, हे त्याचे सार होय.

भारतातील वाटचाल

नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख ‘गिग’ कामगार होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या वर्गाची प्रथमच व्याख्या करण्यात आली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिचा भर कल्याणकारी योजनांवर आहे. राजस्थानने २०२३ मध्ये कामगारांची नोंदणी व कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने स्वयंचलित प्रणालींतील पारदर्शकतेलाही स्थान दिले. काम बंद करण्यापूर्वी सकारण लेखी सूचना व १४ दिवसांची मुदत देण्याची तरतूद त्यात आहे.

एका मालकाशी कायम न बांधलेल्या श्रमिकाला संरक्षण देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी मंडळांमार्फत करून त्यांना हक्काची मजुरी व भविष्य निर्वाह निधी यांचा आधार दिला. ओझ्याचे स्वरूप बदलले, तरी ते वाहणारा माणूसच आहे. गावोगावचे अनेक तरुण आज या कामासाठी शहरांकडे वळत आहेत. नोंदणी करणे, कामाचे व मोबदल्याचे तपशील जपून ठेवणे आणि प्रतिकूल निर्णयाचे कारण लेखी मागणे, या गोष्टी त्यांना शाळा-महाविद्यालयांतून व ग्रामसभांतून समजावून दिल्यास कायद्याचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचणे सुकर होईल.