स्कॅन केलेला फोटो ऑनलाइन ठेवताना

कागदावरच्या जुन्या फोटोच्या दोन डिजिटल प्रती लागतात. पहिली म्हणजे मूळ स्कॅन. तिच्यात फोटोतला जास्तीत जास्त तपशील उतरलेला असतो आणि एकदा साठवल्यावर तिला हात लावायचा नसतो. दुसरी प्रत तिच्यावरून तयार केलेली, आकाराने लहान आणि पडद्यावर चटकन उघडणारी. हा फरक पाळला नाही की काम बिघडते. एकच फाइल कापली जाते, उजळली जाते, लहान करून नातेवाइकांना पाठवली जाते. पुढे कधी तो फोटो मोठा करून छापायचा ठरला, की त्यातून धुरकट ठिपक्यांपलीकडे काही निघत नाही.

कामाची सुरुवात स्वच्छतेपासून होते. काचेवरचा एखादा केस पडद्यावर दोरीसारखा दिसतो, आणि तो सॉफ्टवेअरने पुसत बसण्यापेक्षा आधी काच पुसणे केव्हाही सोपे. पुसण्याचा द्रव काचेवर न फवारता मऊ कापडावर घ्यावा, म्हणजे तो कडेने स्कॅनरच्या आत झिरपत नाही. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटकावी, ओला बोळा मात्र फिरवू नये. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असते आणि ते ओलाव्याने फुगते. कोकणासारख्या दमट हवेत फ्रेममधले फोटो काचेला चिकटतात ते यामुळेच. असा फोटो ओढून काढला तर चेहरे काचेवरच राहतात. तो काचेसकट स्कॅन करावा.

त्यानंतर प्रश्न येतो रिझोल्यूशनचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे याचा. ४ × ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला तर १२०० × १८०० पिक्सेल मिळतात. तेवढ्यात त्याच आकाराची चांगली छापील प्रत निघते. ६०० डीपीआयला हेच माप २४०० × ३६०० होते आणि फोटो दुप्पट मोठा छापता येतो. जपून ठेवण्याच्या स्कॅनसाठी ६०० ही योग्य निवड. पासपोर्ट आकाराच्या फोटोला १२०० घ्यावे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची चौकट अवघी २४ × ३६ मिलिमीटरची असते, त्यामुळे तिला २४०० ते ४००० डीपीआय लागतात. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत मोडमध्येच स्कॅन करावेत, कारण कागदाचा तपकिरी झाक आलेला रंग आणि डाग वेगळे ओळखू आले तर पुढची दुरुस्ती सोपी जाते. स्कॅनरमधली आपोआप रंग सुधारण्याची सोय या टप्प्यावर बंद ठेवलेली बरी. वर्तमानपत्रातले चित्र छापाच्या बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. ते स्कॅन केल्यावर नक्षीसारखे पट्टे उमटतात, तेवढ्यापुरती स्कॅनरची ‘डीस्क्रीन’ सोय वापरावी.

मूळ स्कॅन टिफ स्वरूपात साठवतात, कारण त्यात काहीही गाळले जात नाही. वर सांगितलेला ६०० डीपीआयचा रंगीत फोटो टिफमध्ये साधारण २५ एमबी जागा घेतो. एवढी फाइल मोबाइलवर कोणी उघडणार नाही. ऑनलाइन प्रतीसाठी म्हणून जेपेग. १९९२ साली मान्य झालेल्या या पद्धतीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील गाळला जातो. यामागचे गणित बंगळूरमध्ये जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली मांडले होते. गाळलेला तपशील परत येत नाही. बदल करून तीच जेपेग पुन्हा पुन्हा साठवली, तर दर वेळी आणखी थोडे नुकसान होते. म्हणून प्रत्येक नवी प्रत टिफवरूनच काढावी.

ही ऑनलाइन प्रत करताना क्रमाला महत्त्व आहे. आधी फोटो सरळ करावा, मग उजेड-अंधार आणि रंग. रंगीत छपाईतली निळसर छटा आधी उडाल्याने १९७०-८० च्या दशकांतले अनेक फोटो लालसर झालेले असतात. लाल थोडा उतरवला तरी चेहरे खुलतात. येथेच हात आवरायला हवा. सुरकुत्या पुसून गुळगुळीत केलेला किंवा अंदाजाने रंगवलेला चेहरा त्या माणसाचा राहत नाही. ओरखडा काढावा, वय काढू नये. कडेला उमटवलेले स्टुडिओचे नाव कापून टाकणे ही तर सर्रास होणारी चूक आहे. कधी कधी फोटो कुठल्या गावी काढला याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

यानंतर लांब बाजू १६०० ते २००० पिक्सेलपर्यंत आणावी आणि चित्राला धार सर्वांत शेवटी द्यावी. रंगांसाठी एसआरजीबी ही रंगपद्धत निवडावी, नाहीतर काही पडद्यांवर फोटो फिका दिसतो. जेपेगचा दर्जा १०० पैकी ८० च्या आसपास ठेवला तर बहुतेक फोटो दिसायला चांगले राहून काहीशे केबीत बसतात. पडद्यासाठी फाइलमधल्या डीपीआयच्या आकड्याला अर्थ नसतो, तेथे फक्त पिक्सेल मोजले जातात.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. तारीख, लग्नाचे गाव, कोणाला पाठवला होता, हे तेथेच लिहिलेले असते. हीच माहिती फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलच्या आतच साठणाऱ्या नोंदीत, भरावी आणि नाव ‘स्कॅन ००४७’ असे न ठेवता त्यात साल व प्रसंग घालावा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि तिच्यातली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती जशीच्या तशी जाते. ऑनलाइन ठेवलेल्या प्रतीला साठवणीची प्रत मानू नये, कारण बहुतेक ठिकाणी अपलोड होतानाच ती पुन्हा लहान केली जाते. मूळ टिफ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक डिस्क दुसऱ्या घरी असावी. फोटोतले चेहरे ओळखणारे वडीलधारे घरात असतील तर त्यांच्याकडून नावे आताच लिहून घ्यावीत. हे काम कोणत्याही स्कॅनरला नंतर करता येणार नाही.